एकवीस नारळ

सोमवारी सकाळी माझ्यापुढे प्रश्न होता एकवीस नारळांचा. शेंडी राखून सोललेले, दोन पिशव्यांत भरून पडवीत ठेवलेले. नवस बोललो होतो आदल्या रात्री, १९ नोव्हेंबर २०२३ला, अहमदाबादची क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल चालू असताना. फायनल गेली. नवसाचा कायदा तसा सोपा आहे: देव पावला तर फेडायचा, नाही पावला तर कोणी कोणाचं देणं लागत नाही. मग मी नारळ सोलले कशाला? तर झोप येईना म्हणून. मागच्या दारी पहार रोवलेली असते, तिच्यावर रात्री साडेबारापर्यंत एकेक नारळ हाणत बसलो होतो. बायको दोनदा दारात येऊन नुसती बघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "अवो, नारळान तुमचा काय केल्यान?"

मी साठीचा माणूस. मुंबईत छापखान्यात जुळारी होतो. खिळे जुळवायचे आणि उलटी अक्षरं वाचायची. कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले आणि मी आचऱ्याला परत आलो. तिठ्यावर वह्या-पेनांचं दुकान आहे, एक झेरॉक्स मशीन आहे. देवधर्म बेताचा. सोमवारी रामेश्वराला जातो, गावपळणीला गावाबरोबर वेशीबाहेर पडतो, एवढाच. क्रिकेट मात्र बेताचं नाही. आणि त्या एका मॅचने मला ज्या प्रश्नात घातलं, त्यात आजवर कुठल्या कीर्तनकाराने घातलं नव्हतं. जे घडण्यात माझा तिळभर हात नाही, त्याचं दुःख मला का व्हावं? आणि त्यात देवाला ओढायचा मला काय अधिकार?

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. भात घरात आलं होतं, शेजाऱ्यांचं खळं चोपून-सारवून तयार होतं. दुपारी दोनपासून पडवीतला टीव्ही, आणि अंधार पडल्यावर खळ्यात दोन पोफळींना ताणून बांधलेल्या चादरीवर प्रोजेक्टर, अशी पोरांनी व्यवस्था केली होती. कोंबडी-वड्यांची वर्गणी आधीच जमलेली. दिवाळीतले उरलेले फटाके एका बिस्किटांच्या डब्यात वेगळे काढून ठेवलेले. दहापैकी दहा मॅच जिंकून आलेला संघ. चारच दिवसांपूर्वी वानखेडेवर कोहलीने पन्नासावं शतक ठोकलेलं, शमीने न्यूझीलंडचे सात गडी एकट्याने काढलेले. अशा संघासाठी नवस बोलायची गरजच काय?

तरी सगळेजण कसली ना कसली पूजा करतच होते. पुतण्याला जागेवरून उठायची बंदी होती, कारण तो उठला की विकेट पडते हे सेमीफायनलला सिद्ध झालं होतं. रोहित सत्तेचाळीसवर होता आणि शेजारच्या वहिनी चहाचा ट्रे घेऊन पडवीत आल्या. त्याच क्षणी त्याने मॅक्सवेलला उंच उडवलं, ट्रॅव्हिस हेड कव्हरवरून उलटा धावत गेला आणि पडता पडता चेंडू धरला. वहिनींचा चहा कोणी घेतला नाही. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. आपण घरात म्हणतो कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आम्ही पंधरा-वीस माणसं, त्यात दोन पदवीधर आणि एक निवृत्त मास्तर, सगळ्यांना ही म्हण पाठ आणि सगळ्यांची खात्री की फांदी कावळ्यानेच मोडली. मला वाटतं याला नुसती अंधश्रद्धा म्हणून भागत नाही. हजारभर किलोमीटरवर चाललेल्या गोष्टीत आपला काहीच वाटा नाही, हे माणसाला सोसत नाही. निदान आपल्या चहाने तरी काही बिघडलं, एवढा वाटा तो मागून घेतो.

पहिल्या दहा षटकांत ऐंशी धावा झाल्या होत्या. उरलेल्या चाळीस षटकांत चेंडू सीमेपार गेला अवघा चार वेळा. कोहली चोपन्नवर खेळपट्टीकडे बघत उभा राहिला, बॅटला लागून चेंडू यष्टींवर गेलेला. राहुलने सहासष्टसाठी एकशे सात चेंडू घेतले. सगळे मिळून २४०.

मग चादरीवर प्रोजेक्टर लागला आणि सात षटकांत ऑस्ट्रेलियाचे तीन गेले, सत्तेचाळीसवर. तिसरा स्मिथ, पायचीत. त्याने रिव्ह्यू घेतला नाही. घेतला असता तर वाचला असता, चेंडू ऑफ-स्टंपच्या बाहेर लागल्याचं नंतर दिसलं. दैवाने दिलेलं ते दान आमच्या बाजूने होतं. त्या रात्रीच्या हिशेबात ते कोणी धरलं नाही. मीसुद्धा नाही. मी उलट तेव्हाच, खुशीत, मनात म्हटलं: म्हाराजा, पाच नारळ.

नंतर हेड आणि लाबुशेन जे उभे राहिले ते राहिलेच. शंभर झाल्यावर मी अकरा म्हटलं. दीडशेला एकवीस. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढल्यावर मासळीचा लिलाव होतो, तो ज्यांनी ऐकलाय त्यांना माझ्या आवाजाची चाल कळेल. फरक एवढाच की तिथे समोर दुसरा बोली लावणारा असतो. इथे मी एकटाच स्वतःवर बोली चढवत होतो आणि पलीकडून हूं नाही की चूं नाही. हेडचा डावा हात सप्टेंबरात मोडला होता. बऱ्याच मॅच तो संघाबाहेर होता आणि तरी त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती. त्या हाताने त्याने एकशे वीस चेंडूंत १३७ केल्या. सहा गडी आणि सात षटकं राखून ते जिंकले. चादर वाऱ्याने हलत होती, तिच्यावर निळ्या कपड्यांतली लाखाच्या घरातली माणसं गप्प बसलेली, आणि खळ्यात आम्ही. कमिन्सने आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की एवढा मोठा जमाव गप्प होण्यासारखं समाधान नाही. त्याचं ते समाधान आचऱ्यापर्यंत पोचलं.

जेवण कोणी केलं नाही म्हणणं खोटं होईल. जेवलो. पण वडे थंड झाले होते.

सोमवारी सकाळी तिठ्यावर ऐकलं ते मात्र मजेशीर होतं. "आपण हरलो," असं म्हणणारे थोडे. "शेण खाल्ल्यानी," "तेंका खेळूकच येना नाय," हे म्हणणारे पुष्कळ. शनिवारपर्यंत हेच सगळे म्हणत होते, "आपण दहा जिंकलो." मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. छापखान्यात मुद्रितं वाचताना या दोहोंची चूक मी झटकन पकडायचो. दहा मॅच आम्ही रोहितला, शमीला, कोहलीला 'आपण'मध्ये बसवलं, न विचारता. अकराव्या मॅचला, पुन्हा न विचारता, बाहेर काढलं. 'आपण'चा 'ते' व्हायला एक रात्र पुरली.

पिशव्या घेऊन देवळात गेलो. कार्तिकातला सोमवार, म्हणजे गर्दी असायची तेवढी होती. सभामंडपात एक म्हातारे मानकरी बसतात, नात्याने माझे आजे लागतात, आम्ही त्यांना आबा म्हणतो. नवसाचं त्यांना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी वकिलासारखी उलटतपासणी घेतली.

"बोललंस ता आपले जिंकूचे म्हणान, की ते हरूचे म्हणान?"

"एकच ना ता, आबानू."

"एकच?" ते थोडा वेळ पिशव्यांकडे बघत राहिले. "कौल लावताना दोनय बाजूक कळे लावतत. तू एकाच बाजूक लावलंस. तेका कौल म्हणनत नाय." आणि मग मला नातवाच्या लग्नाचं सांगू लागले, मुलगी डोंबिवलीची होती.

कौल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणातल्या देवळांत देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला फुलाचे कळे किंवा पाकळ्या पाण्याने चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवळागणिक रीत थोडी बदलते. कधी दोन मिनिटांत पडते, कधी तासभर कोणी हलत नाही. यातली मेख आबांनी सांगेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती: विचारणाऱ्याला नकाराची पाकळीसुद्धा स्वतःच्या हाताने चिकटवावी लागते. आचऱ्याची गावपळण अशीच ठरते. देवाने नाही म्हटलं तर गाव जात नाही, हो म्हटलं तर घरात आजारी असो, बाळंतीण असो, निघावं लागतं. नवसात तसं नसतं. नवसात मी देवाला काही विचारत नाही, त्याला दर सांगतो.

आणि दर तरी कशाचा? पसायदान आमच्या पिढीला शाळेत तोंडपाठ असायचं. मीसुद्धा ते दोन-तीनदा खिळ्यांत जुळवलंय, म्हणजे उलट्या अक्षरांत वाचलंय. त्यात दुष्टांचा पराभव मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढंच मागितलंय. आणि ज्याला जे हवं असेल ते त्याला मिळावं, असंही. ज्ञानदेवांना हे मागता आलं, कारण त्यांच्यासमोर स्कोअरबोर्ड नव्हता. एकच कप दोघांना हवा असेल तर देवाने काय करायचं? गंमत अशी की त्या दिवशी पसायदान एकदाच खरं झालं, टॉसच्या वेळी. कमिन्सने टॉस जिंकला आणि गोलंदाजी घेतली. रोहित म्हणाला, मी तरी फलंदाजीच घेणार होतो. नाणं एकच उडालं आणि दोघांनाही हवं ते मिळालं. पुढच्या शंभर षटकांत तसं पुन्हा होण्याची सोय नव्हती. मी देवाकडे मागितलं ते इतकंच, की तू लाबुशेनचा असू नकोस. हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगायची मला हिंमत झाली नसती. म्हणून एकवीस नारळांत गुंडाळून सांगितलं.

आता कोणी म्हणेल, गीता वाचा. जय आणि अपजय सारखे माना. गीतेत ते आहे, दुसऱ्याच अध्यायात. पण ते सांगितलंय अर्जुनाला, ज्याच्या हातात धनुष्य होतं. फळ सोड म्हणायला आधी कर्म असावं लागतं. प्रेक्षकाकडे कर्मच नाही, आहे ती फक्त फळाची हाव. तीही सोडली तर त्याने खुर्चीत बसायचं कशाला? प्रेक्षकासाठी गीतेत कोण आहे असं शोधलं, तर सापडतो धृतराष्ट्र. हस्तिनापुरात बसलेला, दिसत नाही, हातात काही नाही, समोर संजय कॉमेंट्री करतोय. अख्ख्या गीतेत तो एकदाच तोंड उघडतो, पहिल्याच श्लोकात, आणि विचारतो काय, तर माझ्यांनी आणि पांडूच्यांनी काय केलं. 'माझ्यांनी' हा शब्द त्याच्या तोंडी आधी येतो. अठरा अध्याय ऐकून झाल्यावर शेवटी संजय निकाल सांगून टाकतो. त्यावर म्हाताऱ्याचं काहीच उत्तर नाही. मला पूर्वी वाटायचं व्यास विसरले. त्या रात्री खळ्यातून घरी येताना कळलं की धृतराष्ट्र तेव्हा नारळ सोलत असणार.

मीही एकदा संजय झालो होतो. २५ जून १९८३, वर्ल्ड कपची फायनल, लालबागची चाळ. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. 'होते' म्हणजे संप सुरू होऊन सतरा महिने झाले होते. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. घरातली तांब्यापितळेची भांडी गेली होती. आईच्या गळ्यात काळा दोरा होता. शेजारच्या खोलीतल्या ट्रान्झिस्टरवर इंग्रजी कॉमेंट्री लागली होती आणि आमच्या मजल्यावर इंग्रजी समजणारा मी एकटा, वीस वर्षांचा. मी गॅलरीत उभा राहून ओरडून सांगत होतो: रिचर्ड्स गेला, कपिलने पकडला. लॉईड गेला. १८३चा पाठलाग करताना वेस्ट इंडीज १४०वर संपले. तेव्हा वडील, ज्यांनी आयुष्यात बॅट धरली नव्हती, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आपण जिंकलो."

संप मात्र हरला. कोणी अधिकृतपणे मागे घेतला नाही, नुसता विरून गेला. वडिलांना परत घेतलं नाही. पुढे ते एका सोसायटीत वॉचमन होते. पण "आपण हरलो" हे वाक्य संपाबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. कोणी विषय काढला तर म्हणायचे, "संप अजून चालूच हा." जिथे त्यांनी खरोखर लढून हार खाल्ली तिथे त्यांना ते म्हणवलं नाही. आणि जिथे त्यांचा काडीचा संबंध नव्हता तिथे 'आपण' सहज आलं.

रडले तेसुद्धा मॅचलाच. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, सेमीफायनल. आठ बाद १२०, लोकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी पेटवल्या, आणि सामना श्रीलंकेला देऊन टाकला. विनोद कांबळी रडत रडत मैदानाबाहेर आला. तो रमाकांत आचरेकरांचा चेला. आचरेकर म्हणजे आडनावातच आमचं गाव; सर जन्मले मालवणात. यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, सचिनला बाद करील त्याचं, नाहीतर सचिनचं. या गोष्टीचा वडिलांना फार अभिमान होता, जणू रुपया ह्यांच्या खिशातला. कांबळीला बघून ते रडू लागले, तोंडावर पंचा घेऊन, पुष्कळ वेळ. गिरणीची चिमणी पाडली तेव्हा ते तिथे उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. कांबळीच्या आडून ते चौदा वर्षांचं रडून घेत होते, असं मला तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं.

तेव्हा माझ्या पहिल्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर हे आहे. ज्या हारी आपल्या स्वतःच्या असतात त्यांना बोट लावता येत नाही. मॅचची हार परक्याची असते, म्हणून तिच्यावर उघड्यावर छाती पिटता येते. पण एवढ्यावर भागत नाही. खळ्यात बसलेला सोळा वर्षांचा पुतण्या आयुष्यात अजून काय हरलाय? त्याचाही चेहरा पडला होता. त्याला हवं होतं ते वडिलांसारखं जुनं दुःख सांडायला भांडं नव्हे, त्याला नुसतं 'आपण' हवं होतं. एवढ्या सगळ्या माणसांबरोबर एकाच वेळी एकच गोष्ट मनात येणं, याची चव त्या वयात लागली की सुटत नाही.

आमच्या गावाने 'आपण'ची दुसरी एक रीत शोधून ठेवली आहे. गावपळणीला तीन दिवस, तीन रात्री बाराही वाड्या रिकाम्या होतात. हिंदू जातात, मुसलमान जातात; गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा जातात. वेशीबाहेर झावळांच्या राहुट्या पडतात, बाजारपेठेतल्या दुकानांना कुलपं, माझं झेरॉक्स मशीन अंधारात. मागच्या वेळी माळावर पोरांनी टेनिस बॉलची टुर्नामेंट भरवली होती. एक वाडी हरली, भांडण झालं, आणि संध्याकाळी हरलेले आणि जिंकलेले एकाच चुलीवरची पेज पीत होते, कारण दुसरी चूल नव्हती. हे 'आपण' कोणाला हरवून झालेलं नसतं. घर सोडून झालेलं असतं. ते क्रिकेटपेक्षा श्रेष्ठ आहे असं म्हणायचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर तिसऱ्या रात्री कंटाळा येतो आणि लोक स्कोअर विचारू लागतात.

देवापुढे त्या सोमवारी मी एक नारळ ठेवला. नवसाचा नव्हे, रोजचा. वीस परत आणले. बायकोने एका शब्दाने विचारलं नाही, खवणी काढली. सोलकढी झाली, करवंट्या चुलीत गेल्या, तुळशीच्या लग्नाला खापरोळ्या झाल्या, आणि रसात खापरोळी बुडवताना पुतण्या म्हणाला, "काका, ह्यो हेडचो रस." दोघांच्या घरात वीस नारळ संपता संपत नाहीत. डिसेंबर उजाडेपर्यंत मी तो नवस खात होतो.

पुढच्या वर्षी २९ जूनला बार्बाडोसची टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. खळं पावसाने चिखलात गेलेलं, म्हणून आम्ही पडवीतच होतो. दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस हव्या होत्या, क्लासेन सुटला होता, आणि लाइट गेली. जूनमध्ये आमच्याकडे ती जातेच. पुतण्याच्या मोबाइलवर चित्र अडकत अडकत येत होतं. अंधारात माझ्या लक्षात आलं की माझं तोंड आपोआप म्हणतंय, म्हाराजा, म्हाराजा. पुढे आकडा नव्हता. मागणंही नव्हतं बहुतेक. शेवटच्या षटकात सोळा, मिलरने उचललेला चेंडू, सूर्यकुमार सीमारेषेच्या आत, बाहेर, परत आत. आपण सात धावांनी जिंकलो.

पोरांनी नोव्हेंबरातला बिस्किटांचा डबा शोधून आणला. सुतळी बॉम्ब सर्दावले होते. एकेक पेटवून अंगणात टाकायचे, तो फुस्स करून विझायचा. सहावा की सातवा कसाबसा वाजला आणि गोठ्यातली गाय हंबरली. मोबाइलच्या पडद्यावर मिलर दिसला, डोळे पुसत उभा. पुतण्याने चित्र पुढे सरकवलं.

बायको मागून कंदील घेऊन आली. "ह्या खेपेक किती बोललात?"

"एकय नाय."

"मगे देव पावलो कसो?"

पत्र्यावर पाऊस इतका आदळत होता की ऐकू आलं नाही असं मला दाखवता आलं.